अतिचंचल मुलाची तपासणी : केव्हा करवावी ?

बहुतेक वर्गांत एखादे तरी मूल असे असते की, ज्याचे नाव शिक्षकास दिवसातून सर्वांत अधिक वेळा घ्यावे लागते. पाठ चालू असता ते जागेवरून उठते, शेजाऱ्याची पेन्सिल ओढते आणि प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देते. गाव त्यास ‘द्वाड’ म्हणते, आणि पालक ‘गुरुजी, चांगला चोप द्या’ असे सांगून मोकळे होतात. क्वचित उलटही घडते. ‘एडीएचडी’ हे नाव कोणाच्या तरी कानांवर आलेले असते, व मूल जरा चळवळे दिसले की ते त्यास चिकटविले जाते. दोन्ही प्रकारांत नुकसान मुलाचेच होते.

अवधान टिकविण्याची व उतावळेपणास आवर घालण्याची शक्ती वयाच्या मानाने अपुरी असणे, हे या विकाराचे स्वरूप होय. तो आळस नव्हे, की आईबापांच्या लाडांचे फळही नव्हे. लंडन येथील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच, बुद्धी शाबूत असूनही स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन आपल्या व्याख्यानांत केले होते.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निकषांप्रमाणे लक्षणे बारा वर्षांच्या वयापूर्वी दिसू लागलेली, निदान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळणारी असावी लागतात. शिक्षकाच्या दृष्टीने ही शेवटची अट फार महत्त्वाची. केवळ गणिताच्या तासाला चुळबुळ करणारे मूल बहुधा गणितात अडलेले असते.

जनरल रजिस्टरातील जन्मतारीखही पाहावी. एकाच वर्गातील मुलांच्या वयांत वर्षभराचे अंतर असू शकते, आणि वर्गातील सर्वांत लहान मुलांवर हा शिक्का अधिक वेळा बसतो, असे अनेक देशांत आढळून आले आहे. त्यानंतर कान व डोळे. ज्याचा कान वाहतो त्यास सूचना नीट ऐकूच येत नाही. मग ते ऐकणार कसे? अपुरी झोप, घरातील मृत्यू वा भांडणे यांनीही मूल अस्थिर होते. बोलता बोलता क्षणभर शून्यात पाहून पुन्हा भानावर येणाऱ्या मुलास अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवावे.

चंचलतेवाचून केवळ अवधानाची न्यूनता असणारी मुले, विशेषतः मुली, मागच्या रांगेत गप्प बसून राहतात. त्यांचा कोणासच त्रास नसतो, म्हणून त्यांची आठवणही होत नाही. मूल शिक्षकास किती त्रास देते हा तपासणीचा प्रश्नच नव्हे. त्याचे स्वतःचे शिकणे, मैत्री व सुरक्षितता यांत किती अडते, हा आहे. वरील कारणे पाहूनही ही अडचण महिनोन्‌महिने कायम राहिली, व घरीही तीच तक्रार असली, तर तपासणी लांबवू नये.

पालकांशी बोलण्यापूर्वी दोन-तीन आठवडे वहीत नोंद करावी : तारीख, वेळ, चाललेले काम व घडलेली गोष्ट. ‘ऐकत नाही’ अशी नोंद निरुपयोगी. ‘पाच उदाहरणांपैकी दोन सोडवून उठला’ ही उपयोगी. आईस एकांतात, प्रथम मुलाचे गुण सांगून, ही वही दाखवावी. विकाराचे नाव शिक्षकाने उच्चारू नये. निदान करणे हे त्याचे काम नव्हे. ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे नेणार काय ?’ अशी भीती पालकांस वाटते. तपासणी म्हणजे औषध नव्हे, हे त्यांस समजावून द्यावे. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर पालकांस वागणुकीचे मार्गदर्शन देणे हाच पहिला उपाय मानला जातो. रक्ताची चाचणी करून हा विकार ठरत नाही. घरची हकिकत व शाळेची नोंद यांवरच तज्ज्ञांची मुख्य भिस्त असते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा अशा मुलाचे नाव पालकांच्या संमतीने पुढे ठेवावे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांस तेथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे विनामूल्य पाठविता येते. तोवर मुलास पुढे बसवावे, एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि फळा पुसणे, वह्या वाटणे अशी कामे मुद्दाम त्याच्याकडे सोपवावीत. चोप मात्र २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ अन्वये निषिद्ध आहे, मग तो पालकांनी स्वतः मागितला तरी.