कुकरच्या शिट्टीआधी

पहाटे ५.१०
आमच्या घरात दिवस उगवतो तो कुकरने. धाकटी उठायच्या आत तीन शिट्ट्या होऊन जायला हव्यात. ती सात वर्षांची, स्वमग्न. शिट्टी तिच्या कानात टोचते. पूर्वी साडेसातला कुकर लागायचा आणि पहिल्या शिट्टीला ती पलंगाखाली. दोन वर्षं आम्ही "घाबरायचं नाही हं" म्हणत राहिलो. एक दिवस बायको म्हणाली, "पोरीला कशाला बदलतोयस? कुकरची वेळ बदल." डोंबिवलीतल्या आमच्या या दोन खोल्यांची घडी नव्याने बसायला लागली ती त्या दिवसापासून.

५.५०
बायको नर्स आहे. आज सकाळची ड्युटी. चप्पल घालण्याआधी ती पॅसेजमधल्या फळ्यावरचा स्वतःचा फोटो 'घरी'वरून 'हॉस्पिटल'वर सरकवते आणि खाली घड्याळ काढते, काटे साडेतीनवर. तिच्या ड्युटीचा एक आठवडा दुसऱ्यासारखा नसतो. लेकीला तर रोज तेच आणि तसंच हवं. बदल काही टळत नाही. मग तो कळण्याची जागा तरी पक्की असू दे, म्हणून हा फळा.

६.३०
धाकटीची पट्टी. डावीकडून उजवीकडे सहा चित्रं, मागे वेल्क्रो: ब्रश, अंघोळ, गणवेश, खाणं, बूट, रिक्षा. काम झालं की चित्र टर्रकन उपटायचं आणि 'झालं' लिहिलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. तो 'टर्र' आवाज मात्र तिला फार आवडतो.

दिवस असा डोळ्यांसमोर मांडण्याची पद्धत एरिक शॉपलर यांच्या 'टीच' या उपक्रमातून जगभर पसरली. १९७२मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात तो राज्यभर सुरू झाला. आम्ही तयार चित्रं छापून आणली, तर अंघोळीच्या चित्रात टब! ती न्हाणीघराच्या दारातून हलेना. टब आमच्या घरात कुठून असणार? शेवटी आमच्याच लाल बालदीचा फोटो काढून लॅमिनेट केला. दुसऱ्या दिवशी ती फोटो घेऊन आत गेली, बालदीशेजारी धरून पाहिला आणि अंगावर पाणी ओतून घेतलं.

७.००
थोरला अकराचा. त्याला एडीएचडी. त्याचं दुखणं उलटं: कपाटाचं दार लागलं की आतल्या वस्तू त्याच्यापुरत्या नाहीशाच होतात. एका हिवाळ्यात त्याला आम्ही तीन स्वेटर घेतले. तिन्ही कपाटातच होते. म्हणून सुताराला बोलावून दारंच काढून टाकली. "साहेब, लोक मला दारं बसवायला बोलावतात," असं म्हणत त्याने बिजागऱ्या सोडवल्या.

पण उघडे खण, त्यातले रंग आणि पसारा धाकटीला सोसवेनात. एकाला सगळं दिसायला हवं, दुसरीला काहीच दिसायला नको, आणि खोली एकच. मग मधोमध पडद्याची दांडी आली. त्याची बाजू उघडी, तिची बाजू साध्या करड्या पडद्याआड.

"दप्तर भर" हे आपल्याला एक काम वाटतं. त्याला ती आठ-नऊ कामं असतात आणि तिसऱ्यावर तो खिडकीत. म्हणून दप्तर रात्रीच भरायचं. दाराजवळ त्याच्या उंचीवर चार खुंट्या आहेत: दप्तर, पाण्याची बाटली, ओळखपत्र, टोपी. खुंटी रिकामी दिसली की निघायचं. आज ओळखपत्र खुंटीवरच राहिलं. मी जिन्यातून धावलो.

१०.३०
आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो. चहाच्या सुट्टीत लाल फाइल उघडली. धाकटीचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र, युडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र, 'निरामय' आरोग्य विम्याचे कागद. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा हा विमा, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. थोरल्याचा कप्पा पातळ. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं वेगळं नाव नाही. त्याच्या कप्प्यात डॉक्टरांचा एक अहवाल आणि 'लक्ष देत नाही' असे वहीतले शेरे.

दुपारी १.१५
मुलं आली. अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही, असा घरचा नियम. "शाळा कशी झाली?" हेसुद्धा नाही. धाकटी जेवणाच्या टेबलाखाली शिरते. वरून माझ्या आईचं जुनं नऊवारी सोडलंय, आत अंधार आणि गोधडी.

आईला आधी हे सगळे लाड वाटायचे. "चित्रं बघून कोण दात घासतं?" एकदा फोडणी देताना तिचा हात न बघता हळदीवर गेला आणि तीच थबकली. मिसळणाच्या डब्याकडे बघत म्हणाली, "चाळीस वर्षांत मी हळद शोधली नाही रे. वाट्या हलल्या असत्या, तर मीही ओरडले असते." त्यानंतर तिने पट्टीची थट्टा केली नाही.

२.४५
बायकोचा फोन: बदली नर्स आली नाही, सातपर्यंत थांबावं लागेल. मी मीटिंगमध्ये. "हो, हो," म्हटलं आणि फळ्यावरचे काटे हलवायला विसरलो.

३.३०
धाकटी दाराशी उभी. पस्तीसला मनगट चावायला लागली. मी हेडफोन फेकून धावलो, जवळ घ्यायला गेलो, तर आणखी बिथरली. तेवढ्यात थोरल्याने फळ्यावरचे काटे पुसले, साडेसातवर काढले आणि शेजारी 'बदल' लिहिलेलं नारिंगी कार्ड चिकटवलं. लगेच काही शांत झाली नाही. वीस मिनिटं रडली. मग उठून फळ्यापाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. सातपर्यंत अशा किती फेऱ्या झाल्या, मोजल्या नाहीत. मार्करचं टोपण थोरल्याने उघडंच टाकलं होतं. ते लावताना माझाच हात थरथरत होता.

रात्री ७.४०
बायको आली. पर्ससुद्धा खाली न ठेवता तिने आपला फोटो 'घरी'वर सरकवला. धाकटीने तो बोटाने दाबून पाहिला आणि टेबलाखाली निघून गेली.

९.००
उद्याची मांडणी. डब्यातली सहा चित्रं पुन्हा पट्टीवर, दप्तर खुंटीवर. सोफ्यावर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग तसाच. पाहुणे आले तर म्हणतील, केवढा हा पसारा. म्हणोत. त्या ढिगावाचून कुणाचं अडत नाही.

१०.१५
मी डाळ-तांदूळ धुऊन कुकर ओट्यावर ठेवला, गजर पाचचा लावला. बायको फळ्यासमोर उभी होती. उद्या तिची दुपारपाळी. काटे काढून झाले तरी हलेना.

"काय गं?"

"काही नाही. आपल्या झोपेचं कार्ड कुठे लावायचं, ते बघत होते."

जागा नव्हती. मी दिवा मालवला.