स्फुरद रानात आहे, पण कुलपात

मृग तोंडावर आला की लातूर-नांदेडच्या कृषी सेवा केंद्रांत पहिली विचारणा डीएपीची होते. पोते मिळाले की निम्मी चिंता मिटते. पण त्यातले स्फुरद पिकाच्या मुळापर्यंत पोचते किती?

कुलूप कशाचे?

इथल्या काळ्या जमिनी चुनखडीयुक्त असून त्यांचा सामू बहुधा 7.5 च्या वर असतो. दिलेले स्फुरद चुन्यातल्या कॅल्शियमशी बांधले जाते आणि विरघळेनासे होते. पहिल्या हंगामात पिकाला साधारण 15 ते 20 टक्केच लाभते. बाकीचे रानातच अडकून राहते.

एकरी हिशेब

सोयाबीनसाठी हेक्टरी 60 किलो, म्हणजे एकरी 24 किलो स्फुरदाची शिफारस आहे. 50 किलोच्या एका डीएपी पोत्यात ते 23 किलो असते. डीएपी नाही मिळाले तरी अडत नाही. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांतून 24 किलो स्फुरद मिळते, शिवाय तेलबियांना हवे असलेले सुमारे 16 किलो गंधकही. नत्रासाठी सोबत 26 किलो युरिया पुरतो. पालाश मात्र दोन्ही वेळा वेगळे द्यावे लागते.

फोकू नका, पेरा

युरिया पाण्याबरोबर खाली उतरतो. स्फुरद पडल्या जागेवरून जेमतेम काही मिलिमीटर सरकते. वर फोकलेले खत जास्त मातीत मिसळते आणि लवकर बांधले जाते. म्हणून दोन चाड्यांच्या पाभरीने किंवा पेरणी यंत्राने ते बियाण्याच्या खाली, थोडे बाजूला पेरावे. उभ्या पिकात स्फुरद टाकणे म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणे.

झिंक सल्फेट डीएपीत कालवू नये. दोन्ही एकमेकांना बांधून ठेवतात.

किल्ली जिवाणूंकडे

स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून बांधलेले स्फुरद मोकळे करतात. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग जिवाणू संवर्धक लावावे आणि बियाणे सावलीत सुकवावे. कुजलेले शेणखत असेल तर या जिवाणूंचे काम अधिक चांगले चालते.

हरभऱ्याची आंब

पहाटे हरभऱ्यात फिरले की कपड्यांना आंब लागते. तसलीच आम्ले त्याची मुळेही मातीत सोडतात आणि चुन्यात अडकलेले थोडे स्फुरद मिळवतात. सोयाबीनला दिलेल्यातले उरलेलेही त्याच्या उपयोगी पडते. म्हणून रब्बीची मात्रा शेजाऱ्याचे बघून ठरवू नये. आधी माती तपासावी. अहवालात स्फुरद भरपूर निघाले, तर पुढचे पोते अर्धे करायला हरकत नाही.