उसन्या सीडीतला ‘श्वास’

वैद्यकीय व्यवसाय आणि चित्रपटगृह यांचे फारसे सख्य नसते. बालरोगतज्ज्ञाचे तर नाहीच. तिकीट काढून बसावे आणि मध्यंतरापूर्वीच कुणाच्या तरी बाळाला ताप चढावा, हा अनुभव आपणां सर्वांचाच असेल. त्यातून आम्ही सांबऱ्याचे. चांगल्या मराठी चित्रपटासाठी बेळगाव गाठायचे आणि तो तेथे आलेला असला तरी आठवडाभर टिकेल याची खात्री नसायची. म्हणून आमच्या घरी चित्रपट आले ते बहुधा उसने. आधी व्हिडिओ कॅसेट, मग सीडी, पुढे डीव्हीडी. चित्रपटाच्या दोन सीडी असत. पहिली काढून दुसरी घालणे हेच आमचे मध्यंतर. तबकडी अडकली की ती सदऱ्याच्या टोकाने पुसायची आणि पुन्हा लावायची. उसन्या वस्तूचा एक गुण असा की ती परत करायची असते. म्हणूनच ती पाहून होते. स्वतःच्या कपाटातील चित्रपट वर्षानुवर्षे तसेच राहतात.

अशाच एका व्यवसायबंधूंकडून ‘श्वास’ची सीडी घरी आली. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००४ मध्ये प्रदर्शित झाला. ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये पहिले सुवर्णकमळ मिळाले होते, त्यानंतर तब्बल अर्ध्या शतकाने तो मान पुन्हा मराठीकडे आला, तो ‘श्वास’मुळे. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही त्याचीच निवड झाली. हे सर्व वर्तमानपत्रांतून वाचलेले होते. कोकणातील एक आजोबा दृष्टी अधू होत चाललेल्या नातवाला घेऊन शहरातील रुग्णालयात येतात, डोळ्यांच्या कर्करोगाचे निदान होते आणि जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार, हे कथानकही ठाऊक होते. तरीही अरुण नलावडे यांचे आजोबा आणि अश्विन चितळेचा परशुराम समोर आले, तेव्हा माझ्यातील डॉक्टर हळूहळू गप्प होत गेला.

मध्येच आईने चित्रपट थांबवायला लावला. घरच्या पडद्याची ही सोय चित्रपटगृहात नाही. ‘‘डोळे काढल्याशिवाय इलाजच नाही का रे?’’ तिने विचारले. मी सांगितले ते असे : रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग बहुतांशी पाच वर्षांखालील मुलांना होतो. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका मुलाला. बाहुलीत पांढरी चमक दिसणे, ज्याला लोक ‘मांजराचा डोळा’ म्हणतात, किंवा तिरळेपणा, ही त्याची खूण. वेळेत लक्षात आला तर जीव आणि पुष्कळदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर डोळा देऊन जीव राखावा लागतो. आज रसायनोपचार, लेसर, शीतोपचार यांमुळे डोळा राखण्याची शक्यता कितीतरी वाढली आहे. लवकर ओळखण्याचे महत्त्व मात्र तेच आहे.

आईचे समाधान झाले असावे. चित्रपट पुढे सुरू झाला. संदीप कुलकर्णी यांनी रंगवलेले डॉक्टर साने निष्णात आहेत, प्रामाणिक आहेत. मुलाला शस्त्रक्रियेपूर्वी सत्य कळलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. पण ते कसे सांगायचे, हा भार आजोबांवर येतो. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते आणि आजोबा नातवाला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात. दृष्टी जाण्यापूर्वी त्याने जग डोळे भरून पाहावे, एवढाच त्यांचा हेतू. नियमाने पाहिले तर हे गैरच. वार्डातून रुग्ण न सांगता निघून गेला तर आपणही संतापू. पण त्या दिवशी मुलाला जे मिळाले, ते कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

डॉक्टर सानेंविषयी मी थोडा त्रासून बोललो, तेव्हा आई म्हणाली, ‘‘वाईट नाही गा तो. त्याला वेळ नाही, एवढंच.’’

मी तेव्हा पस्तिशीत होतो. बाहेर बाकावर वाट पाहणाऱ्यांची संख्या वाढणे म्हणजे व्यवसाय स्थिरावणे, असे मानण्याचे ते वय. आईचे ते वाक्य कोणत्याही परिषदेतील व्याख्यानापेक्षा मला अधिक पुरले. कौशल्य, सचोटी, सत्यनिष्ठा हे सारे असूनही रुग्णाला आपण कोरडे वाटू शकतो, ते केवळ घाईमुळे.

सीडी दुसऱ्या दिवशी परत गेली; चित्रपटाने लावलेल्या दोन सवयी राहिल्या. लसीकरणाला आलेल्या बाळाच्या डोळ्यातील लाल प्रतिबिंब तपासताना मी ते पालकांना समजावून सांगतो. फ्लॅशच्या छायाचित्रात एका बाहुलीत लाल आणि दुसरीत पांढरी चमक दिसली तर थांबू नका, हेही सांगतो. आणि बोलण्याएवढे मूल असेल तर आधी त्याच्याशी बोलतो. सुई दुखणार असेल तर ‘दुखेल, पण थोडा वेळच’ असे त्यालाच सांगतो. मुले सत्य पेलतात. मात्र ते सांगणाऱ्याने खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसायला हवे.