मॅगझिन नसलेली रायफल

पुण्यात बालेवाडीच्या ५० मीटर रेंजवर पाय ठेवताच मुखेडहून आलेल्या माझ्या पुतण्यानं विचारलं, "काका, हिला मॅगझिन कुठाय?" कॉलेजच्या एनसीसीत त्यानं .२२ चालवलीय. राउंड झाडायचे आणि ग्रुपिंग बघायचं, एवढाच त्याचा अनुभव. इथं मात्र लाखोंची रायफल आणि गोळी भरायची एकेक, तीही हातानं.

समोर एक मुलगी पालथी पडून नेम धरत होती. डाव्या दंडाला पट्टा आवळलेला, दस्ता खांद्यात रुतलेला. उजव्या हातानं बोल्ट ओढला, रिकामं काडतूस उडालं. शेजारच्या स्टँडवरच्या उघड्या पेटीतून एक काडतूस तिनं चिमटीत उचललं, खाचेत ठेवलं, अंगठ्यानं पुढं सारलं आणि बोल्ट बंद केला. एवढं करताना खांदा तसूभरही हलला नाही. मग बराच वेळ काहीच नाही.

.२२ ची गोळी असते नुसत्या शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा हात. नखानंही ओरखडा पडेल इतकी मऊ. मॅगझिनमधून वर चढताना तिचं नाक कडेला घासू शकतं. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं आणि गोळी ५.६ मिमीची, म्हणजे एवढंसं खरचटणंही परवडत नाही. शिवाय मॅगझिनसाठी रिसीव्हरचं, म्हणजे बोल्ट बसतो त्या सांगाड्याचं, पोट कापावं लागतं. ते न कापलेलं पोलाद जास्त ताठ राहतं. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत तर नियमच आहे, दर गोळी हातानं भरायची. घाईही नसते. थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) पात्रता फेरीत ६० गोळ्यांना ९० मिनिटं मिळतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं, ते याच प्रकारात.

मग मॅगझिन हवं कुणाला? ज्याची वेळेशी शर्यत आहे त्याला. बायथलॉनवाले बर्फावर स्की करत, धापा टाकत येतात, पाच गोळ्यांचं मॅगझिन खटकन लावतात आणि पाच निशाणे टिपून पुन्हा पळतात. सैन्याच्या ड्रॅगुनोव्ह स्नायपर रायफलीला दहाचं मॅगझिन असतं, कारण तिथं दुसऱ्या गोळीसाठी कुणी थांबत नाही.

लांब पल्ल्याच्या .३०८ सारख्या रायफलीत खरी निवड करावी लागते. निघणारी मॅगझिनची पेटी झटपट बदलता येते, पण पोटाखाली लोंबते आणि आडवं पडल्यावर जमिनीला टेकते. आतली, झाकणाची पेटी आटोपशीर. पण ती वरूनच भरायची आणि दुर्बिणीखाली बोटं घालताना जीव मेटाकुटीला येतो. दोन्हींत काडतुसाच्या लांबीला पेटीची मर्यादा. नळीतल्या आट्यांजवळ नेण्यासाठी गोळी बाहेर ठेवून बसवली, की काडतूस पेटीत मावत नाही. कागदावरच्या निशाण्यासाठी मी एकेक भरायचीच रायफल घेईन.

मुखेडसारख्या गावातून सुरुवात करायची तर १० मीटर एअर रायफलपासून करावी. स्पर्धेत तिथंही छर्रा एकेकच भरायचा. .२२ ला परवाना लागतो, ते पुढचं. आणि दुकानदार मॅगझिनचं कौतुक सांगून भाव वाढवायला लागला, तर तेवढ्या पैशांत चार वेगळ्या लॉटची काडतुसं घ्या, आपल्या नळीला कोणता लॉट मानवतो ते झाडून बघा.