दोष कुणाच्या माथी?

पौष अमावास्येच्या सुमारास आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीच्या रस्त्यावर वाहनांची जी रीघ लागते, तिची कल्पना शिरगावच्या लईराईची जत्रा पाहिलेल्या आमच्या वाचकांना सहज यावी. जवळच्या केसलापुरात नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातील गोंडांचा हा देव; परंतु यात्रेकरू दूरदूरचे असतात. बैलगाड्या, जीपगाड्या, माणसांनी खचाखच भरलेले टेंपो आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या परप्रांतीयांच्या मोटारी असा तो सारा थाट असतो. अशा एका वर्षी आमच्या एका स्नेह्यांच्या मोटारीतून आम्ही त्या रस्त्याने जात असता जो प्रकार घडला, तो तसा क्षुल्लकच होता. कुणाला खरचटलेदेखील नाही. तरीही तो मनातून जात नाही.

रस्त्याकडेच्या चारदोन माणसांनी हात दाखविला आणि आमच्यापुढचा टेंपो जागच्या जागी थांबला. आमची मोटार त्याच्यावर जाऊन आदळली. टेंपोचा मागचा एक दिवा फुटला. मोटारीच्या पुढच्या पट्टीला पोचा आला आणि जाळी तुटली. पुढच्याच क्षणी दोन्ही चालक रस्त्यावर उतरले. "मागून येणाऱ्याने बघायला नको?" असे एकाचे म्हणणे, तर "असा मध्येच कुणी थांबतो का?" असा दुसऱ्याचा सवाल. आवाज अर्थातच आमच्या स्नेह्यांचा मोठा होता. गाडी नवी असली म्हणजे आवाज आपोआप चढतो, असा आमचा अनुभव आहे.

भांडण मराठीतून चालले होते, याचे नवल वाटायचे कारण नाही. आज महाराष्ट्रात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. सीमा सरकली, म्हणून लोकांच्या जिभा काही सरकत नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. दोन वाहनांत पुरेसे अंतर राखण्याची जबाबदारी मागच्या चालकाची आहे. सुरक्षिततेचे कारण नसता एकाएकी ब्रेक दाबू नये, हे बंधन पुढच्यावर आहे. १९८९च्या नियमांत या दोन्ही गोष्टी होत्या आणि त्यांच्या जागी २०१७ साली आलेल्या विनियमांतही हेच तत्त्व कायम आहे. म्हणजे 'मागून धडकला तो दोषी' हा जो सोपा समज आपल्याकडे रूढ आहे, तो बहुधा खरा असला तरी नेहमीच खरा नसतो. नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार झाडावर आदळली, त्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाच स्वतः बोलते, असे तत्त्व लावून चालकाचा निष्काळजीपणा गृहीत धरला. झाड कुणाच्या आडवे येत नाही, हे उघड आहे. पण जेथे दोन्हीकडे माणसे असतात, तेथे घटना इतक्या स्पष्टपणे बोलत नाही. तिला बोलते करावे लागते.

ते काम तेथे एका वृद्धाने केले. डोक्याला पांढरे पागोटे, हातात काठी आणि स्वर अत्यंत शांत. त्याने दोघांनाही गप्प केले नाही, फक्त टेंपोवाल्याला म्हणाला, "भाऊ, वर बसून जरा ब्रेक दाब." टेंपोवाला चढला, त्याने ब्रेक दाबला. फुटलेला दिवा लागणे शक्यच नव्हते. पण दुसऱ्या बाजूचा धडधाकट दिवाही लागला नाही. गर्दीत हशा पिकला. आमच्या स्नेह्यांचा चेहरा उजळला, तोच म्हातारा त्यांच्याकडे वळला. "साहेब, तुमची गाडी किती हात मागे होती?" या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर त्या वेळी ते आम्हाला केसलापुरातील दरबाराची माहिती सांगत होते आणि त्यांचे अर्धे लक्ष आमच्याकडे होते.

मग कुणीतरी पोलिसांचे नाव काढले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४व्या कलमाप्रमाणे परक्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर पोलिसांना वर्दी देणे आणि विमा कंपनीला लेखी कळविणे हे चालकाचे कर्तव्यच आहे. तेव्हा ही सूचना गैर नव्हती. पण टेंपोवाल्याचा चेहरा पार उतरला. ज्या गावात २० एप्रिल १९८१ रोजी पोलिसांच्या गोळीबारात गोंड माणसे मेली (सरकारी आकडा १३चा, लोकांचा त्याहून कितीतरी मोठा) आणि जेथे त्यांचे स्मारक उभे आहे, तेथे चौकीची पायरी आपल्या पायरीसारखी नसते. शिवाय जत्रेच्या ऐन गर्दीत टेंपो दिवसभर चौकीपुढे उभा राहिला, तर त्याचा हंगामच बुडाला असता. आमच्या स्नेह्यांचा एक दिवस गेला असता, एवढेच. नुकसान सारखे दिसले तरी ते सोसणारे खांदे सारखे नसतात.

विम्याची गोष्ट आणखी निराळी. स्नेह्यांचा विमा सर्वंकष होता, टेंपोचा केवळ कायद्याने सक्तीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. त्याचा फुटलेला दिवा त्यातून मिळणार नव्हता. स्नेह्यांनी "माझेही चुकले" म्हणून टाकले असते तर प्रश्न निम्मा मिटला असता. पण विम्याच्या करारातील अट अशी असते की, कंपनीच्या लेखी संमतीवाचून कोणतीही जबाबदारी कबूल करावयाची नाही. लहानपणी आपल्याला चूक कबूल करावयास शिकवितात आणि मोठेपणी तीच कबुली कराराचा भंग ठरते! विमा कंपन्या मात्र असल्या भांडणात वेळ दवडीत नाहीत. प्रत्येकीने आपापल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून द्यावी आणि एकमेकींकडे मागणी करू नये, असा समझोता त्यांनी आपसांत करून ठेविलेला आहे. रस्त्यावर ओरडायचे ते आपण.

म्हाताऱ्यानेही नकळत तोच निवाडा दिला: ज्याचे त्याने सोसावे. फक्त त्यात एक भर घातली. टेंपोवाल्याने जत्रा सुटण्यापूर्वी ब्रेकचा दिवा नीट करून घ्यावा, आणि साहेबांनी फुटलेल्या काचेचे पैसे द्यावेत. स्नेही कुरकुरले, पण त्यांनी खिशात हात घातला. टेंपोवाल्याने नोटा न मोजताच ठेविल्या आणि गाडीत बसलेल्या बायकामुलांना घेऊन तो निघून गेला.

गोव्यास परतल्यावर स्नेह्यांनी विम्याचा अर्ज आणला. अपघाताचे वर्णन लिहावयाच्या रकान्यात त्यांनी चार ओळी लिहिल्या. टेंपो एकाएकी थांबला हे होते, त्याचा दिवा लागत नव्हता हेही होते; अंतराचा उल्लेख नव्हता आणि काचेच्या पैशांचाही नव्हता. आम्ही ते त्यांच्या नजरेस आणून दिले. ते काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी कागदावर वेगळाच हिशेब मांडला: सलग पाच वर्षे मागणी न केल्याने हप्त्यावर मिळणारी ५० टक्के सूट या एका मागणीने जाणार, शिवाय सुरुवातीची काही रक्कम पदरची भरावी लागणार ती वेगळीच. जाळी आणि पट्टी यांचा खर्च त्याहून कमी भरत होता. त्यांनी अर्ज टराटरा फाडला आणि गाडी म्हापशाच्या गॅरेजात नेली.