पेयांतील वायूचें माप



आमच्या जवळा बाजारच्या आठवडी बाजारांत लहानपणीं मला सर्वांत अधिक नवल वाटे तें गोटी सोड्याच्या बाटलीचें. जाड हिरवट कांच, मानेशीं दोन खांचा आणि तोंडाशीं आंतून घट्ट बसलेली कांचेची गोटी. सोडेवाला अंगठ्यानें ती गोटी आंत ढकली, फट्ट असा आवाज होई, आणि तोंवर अगदीं शांत दिसणारें पाणी एकाएकीं फसफसूं लागे. थंड पाण्याला उकळी कशी फुटली, हा प्रश्न मला तेव्हांच पडला होता. पुढें मॅट्रिक होऊन मी मास्तर झालों, कित्येक वर्षें मुलांना विज्ञान शिकविलें. पण या प्रश्नाचें पुरतें उत्तर मीं शोधलें तें एका अपघातानंतर. तो अपघात यथाक्रम सांगेनच. आधीं मूळ वस्तु पाहूं.

फेसाळ पेयांतील वायूला आमच्या जुन्या क्रमिक पुस्तकांत कर्बाम्ल वायु म्हणत. हल्लीं शाळकरी मूलहि त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतें. सोयीसाठीं आपण त्याला कर्बवायु म्हणूं. साखरेच्या पाण्यांत यीस्ट, म्हणजे पाव फुगविणारें किण्व, घातलें कीं तें साखर खातें आणि तिचे दोन भाग करतें : एक मद्यार्क, दुसरा कर्बवायु. भांडें उघडें असलें तर वायु निघून जातो. बंद असलें तर त्याला वाट नसते आणि तो पाण्यांतच विरघळून राहतो.

इंग्लंडांतील लीड्स गांवीं १७६७ सालीं जोसेफ प्रीस्टले नांवाचा धर्मोपदेशक एका बीअरच्या कारखान्याशेजारीं राहावयास आला. आंबणाऱ्या पिंपांवर या वायूचा थर सांचलेला असे. त्यांत जळती ढलपी धरली कीं विझे. त्याच थरांत पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत पुनःपुन्हा ओतून त्यानें तें फसफसतें केलें, आणि ही कृति १७७२ सालीं छापून जगापुढें ठेवली. सोडावॉटरचा जन्म असा बीअरच्या पिंपावर झालेला आहे. जळती ढलपी विझते ही गोष्ट आपल्या मराठवाड्यांतील शेतकऱ्यालाहि ठाऊक होती. धान्याचें पेव उघडल्यावर जाणती माणसें लगेच खालीं उतरत नसत. आधीं दोरानें कंदील सोडीत, आणि तो विझला तर पेव तसेंच उघडें ठेवून वाट पाहत. पेयांत जिभेला गुदगुल्या करणारा हा वायु पेवांत माणसाचा प्राण घेतो. तेव्हां त्याच्याशीं वागतांना मोजमाप हवें.

तें माप असें. एक लिटर पाण्यांत एक लिटर वायु विरघळला तर त्याला आपण एक माप म्हणूं. १८०३ सालीं विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, पाण्यावर वायूचा दाब जितका, तितक्या प्रमाणांत वायु पाण्यांत विरघळतो. दाब दुप्पट केला तर वायुहि दुप्पट. दुसरा नियम उष्णतेचा. साखर गरम पाण्यांत अधिक विरघळते. वायूचें याच्या उलट आहे. हवेच्या साध्या दाबाइतका कर्बवायूचा दाब असतांना बर्फाइतक्या थंड पाण्यांत सुमारें पावणेदोन मापें वायु मावतो, १५ अंशांवर एक माप, ३० अंशांवर दोन-तृतीयांश, आणि आमच्याकडील वैशाखांतल्या ४० अंशांवर जेमतेम अर्धें. सोडेवाले बाटल्या ओल्या पोत्याखालीं सांवलींत ठेवतात तें केवळ गारव्यासाठीं नव्हे. बाटली तापली कीं वायु पाण्यांतून बाहेर पडूं पाहतो आणि आंतील दाब वाढतो.

तिसरी गोष्ट वेळाची. स्तब्ध पाण्यांत वायु फार सावकाश शिरतो. ढवळलें, हलविलें तर चटकन शिरतो. गोटी सोड्याच्या यंत्रांत बाटल्या पिंजऱ्यांत घालून दांडीनें गरगर फिरवितात, त्याचें कारण हेंच. बाटली उलटी झाली कीं गोटी घरंगळत तोंडाशीं येते आणि वायूच तिला रबराच्या कड्यावर दाबून धरतो. चोरालाच पहारेकरी नेमण्याची ही युक्ति हायरम कॉड या इंग्रजानें १८७२ सालीं पेटंट केली.

आतां बीअरकडे वळतों. मी स्वतः ती घेत नाहीं. पण पेयांत वायु मोजून घालण्याचा अभ्यास सर्वांत बारकाईनें त्याच धंद्यांत झाला, म्हणून दाखला तेथलाच द्यावा लागतो. परदेशीं पुष्कळ लोक हौसेनें घरीं बीअर तयार करतात. आपल्या राज्यांत तसें करतां येत नाहीं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे. परवाना घेऊन जागच्या जागीं बीअर काढून नळानें देणारीं उपाहारगृहें मात्र निघालीं. पुण्यांत २००९ सालीं निघालेलें दूलाली हें त्यांतील आरंभींचें.

पिंपांतून नळानें दिल्या जाणाऱ्या बीअरमध्यें वायु किती असावा, हें प्रकारावर अवलंबून असतें. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या बीअरमध्यें एक ते दीड माप, नेहमींच्या सोनेरी बीअरमध्यें सुमारें अडीच, गव्हाच्या बीअरमध्यें तीन किंवा अधिक. बाटलींतील गोड पेयांत साडेतीन-चार मापांपर्यंत वायु असतो. अडीच मापें हवीं असतील तर पिंप ४ अंशांपर्यंत थंड करून वायूच्या नळकांड्याचा कांटा चौरस इंचास सुमारें १२ पौंडांवर ठेवावयाचा आणि आठवडा-दहा दिवस थांबावयाचें. तेंच पिंप २५ अंशांवर असेल तर त्याच अडीच मापांसाठीं सुमारें ३३ पौंड दाब लागतो. म्हणून उष्णता सांगितल्यावांचून नुसता दाब सांगणें म्हणजे पंचांग न पाहतां मुहूर्त सांगण्यासारखें आहे.

घाई करणारे लोक दाब एकदम वाढवितात आणि पिंप हलवितात. वायु पाहिजे त्याहून अधिक शिरतो, आणि मग नळ सोडला कीं पेल्यांत नुसता फेस. अशा वेळीं वायूचा पुरवठा बंद करून पिंपांतला दाब थोडा थोडा सोडीत राहावें लागतें. परंतु फेस दिसला कीं वायु जास्तच झाला, असेंहि समजूं नये. पिंपापासून तोटीपर्यंतची नळी आंखूड व रुंद असली तर पेय वेगानें बाहेर उडतें. ती पुरेशी लांब व अरुंद असली म्हणजे दाब वाटेंतच खर्ची पडतो. नळी तापली असली किंवा पेला नीट धुतलेला नसला तरीहि फेस होतो. लिंबूसोड्यांत काळें मीठ टाकतांच तो उसळतो हें आपण पाहतोंच. मीठ नवा वायु निर्माण करीत नाहीं. त्याचे खरबरीत कण विरघळलेल्या वायूला बुडबुडे धरण्यास जागा देतात, एवढेंच.

आतां तो अपघात. पुष्कळ वर्षांपूर्वीं एप्रिल महिन्यांत मीं वर्गांत आल्याचें फसफसतें सरबत करून दाखविलें होतें. तेव्हां एका चौकस मुलानें विचारलें, "गुरुजी, साखर जास्त घातली तर फेसहि जास्त येईल का?" मीं मोठ्या कौतुकानें म्हणालों, "करून पाहा." त्यानें घरीं कांचेच्या बाटलींत भरपूर साखर व यीस्ट घालून बूच तारेनें आवळलें आणि बाटली पत्र्याच्या छपराखालीं ठेवली. तिसऱ्या दिवशीं दुपारीं तो ती उचलावयास गेला आणि बाटली त्याच्या हातांतच फुटली. एक कपची भुवईवर रुतली. बोटभर खालीं लागली असती तर डोळा गेला असता. त्याच्या आईनें मला एका शब्दानेंहि बोल लावला नाहीं, आणि त्यामुळेंच तो प्रसंग मला आजवर विसरतां आला नाहीं.

नंतर मीं हिशेब मांडला. दर लिटरला सुमारें ४ ग्रॅम साखर आंबली कीं एक माप वायु होतो. ३० अंशांवर आंबणाऱ्या पेयांत दोन-तृतीयांश माप आधींच असतें. अडीच मापांपर्यंत जावयास लिटरला सातेक ग्रॅम साखर पुरे, म्हणजे चहाचे दीड-दोन चमचे. शँपेनच्या जाडजूड बाटलींतहि लिटरला २४ ग्रॅमच्या आसपासच साखर घालतात आणि त्यानें वातावरणाच्या सहापट दाब होतो. सरबतासाठीं आपण लिटरला १०० ग्रॅम साखर सहज घालतों. ती सगळी आंबली तर २५ मापें वायु होईल, आणि उन्हाळ्यांत तो पाण्यांत कोंडून ठेवण्यास वातावरणाच्या तिसाहून अधिक पट दाब लागेल. साधी बाटली त्याच्या कितीतरी आधीं फुटते. यीस्टला पुरे म्हणणें ठाऊक नाहीं. तें आपण म्हणावयाचें असतें.

ज्यांना हें आल्याचें पेय घरीं करावयाचें असेल त्यांनीं कांचेची बाटली मुळींच घेऊं नये; सोड्याची प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्यावी. लिटरभर पाण्यांत किसलेलें आलें व ८० ग्रॅम साखर उकळून, कोमट झाल्यावर गाळून, लिंबू पिळून चिमूटभर यीस्ट घालावें. वर चार बोटें जागा सोडून झांकण लावावें आणि अंगठ्यानें बाटली वारंवार दाबून पाहावी. ती विकतच्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक लागली कीं तत्क्षणीं शीतकपाटांत ठेवावी. उन्हाळ्यांत हें एका दिवसांतहि होतें, थंडींत दोन-तीन दिवस लागतात. थंडाव्यानें यीस्ट मंदावतें, मरत नाहीं. म्हणून रोज झांकण किंचित सैल करून वायु सोडावा आणि तीन-चार दिवसांत पेय संपवावें. त्यांत शेंकडा अर्ध्याच्या आसपास मद्यार्क येतो, हेंहि लक्षांत असूं द्यावें. ज्यांना तेवढाहि नको असेल त्यांनीं आल्याचा पाक करून ऐन वेळीं थंड सोड्यांत मिसळावा.

तो मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. बाजारांत भेटला कीं वाकून नमस्कार करतो, आणि माझी नजर आधीं त्याच्या भुवईवरील व्रणाकडे जाते. "करून पाहा" हें शिक्षकाचें आवडतें वाक्य आहे, आणि तें वाईट नाहीं. पण त्याच्या आधीं "मोजून पाहा" असें म्हणावयास हवें होतें, तें मीं म्हणालों नाहीं. आज तें आपणां सर्वांना सांगून आपली रजा घेतों.