पासबुकात मराठी, लेजरात इंग्रजी

संगणक घ्यायला निघालेला मराठी माणूस घरून बराच अभ्यास करून आलेला असतो. रॅम किती, प्रोसेसर कितव्या पिढीचा, बॅटरी किती तास चालते, गॅरंटी की वॉरंटी, हे सगळे तो विचारतो. सोबत पुतण्या किंवा भाचा असतो. तो याहून अवघड प्रश्न विचारून दुकानदाराला आणि काकांना एकाच वेळी गार करतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत अशा काका-पुतण्यांच्या जोड्या मी गेली तीसेक वर्षे पाहत आलो आहे. एक प्रश्न मात्र या तीस वर्षांत फारच क्वचित कानावर पडला: ‘यात मराठी कसे चालते?’ तांदूळ घेतानाही आपण शिजल्यावर मोकळा होतो का, म्हणून चौकशी करतो. ज्या यंत्रावर पत्रे, हिशेब, लग्नपत्रिका आणि कधीकधी कादंबरीही लिहायची, त्याला आपली भाषा येते का, हे विचारावेसे वाटत नाही. एखाद्याने विचारलेच, तर पूर्वी ठरलेले उत्तर मिळे: ‘फॉन्ट टाकून देतो, साहेब.’

या एका वाक्याने मराठीचे जेवढे नुकसान केले, तेवढे कागदाच्या टंचाईनेही केले नसेल. ते कसे, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

गंमत अशी, की सुरुवात अगदी शहाण्यासारखी झाली होती. ऐंशीच्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम चालले होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि हे काम तिच्याकडे आले. ‘परम’ महासंगणकामुळे सी-डॅकचे नाव झाले ते १९९१ मध्ये; पण माझ्यासारख्या लिहिणाऱ्याला ‘परम’पेक्षा ‘जिस्ट’चे अप्रूप अधिक होते. जिस्ट म्हणजे संगणकाच्या पोटात बसवायचे एक कार्ड. ते बसवले, की काळ्या पडद्यावर चक्क देवनागरी उमटे. एक कळ दाबली, की तोच मजकूर गुजराती किंवा कन्नड लिपीत दिसे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादू वाटे.

जादू अर्थातच नव्हती. तिच्या मुळाशी एक साधा, पण फार पक्का विचार होता. आपण ‘कि’ लिहितो तेव्हा वेलांटी आधी काढतो आणि क मागाहून. बोलताना मात्र क आधी येतो. यंत्राने साठवायचे ते बोलण्याच्या क्रमाने. वेलांटी कुठे काढायची, जोडाक्षर कसे बांधायचे, ते दाखवताना त्याचे त्याने पाहावे. अक्षराला क्रमांक एकच, मग लिपी कोणतीही असो. या क्रमांकांच्या तक्त्याला ‘इस्की’ म्हणत. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने त्यावर आपला शिक्का मारला. कळफलकही ठरून गेला होता: १९८६ चा इनस्क्रिप्ट. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. इंग्रजी ‘के’च्या कळीवर क आणि तीच शिफ्टसह दाबली की ख. मला विचाराल तर देवनागरीसाठी इतका समंजस कळफलक दुसरा झाला नाही.

मग घोडे कुठे अडले? विंडोज आले. पडद्यावर अक्षरे काढण्याचे काम विंडोज स्वतःच करू लागले आणि पोटातले कार्ड निरुपयोगी झाले. त्याच सुमारास पेठापेठांतून डीटीपीची दुकाने निघाली. त्यांना छापलेला कागद सुबक हवा होता. यंत्राच्या मनात काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यावर उपाय सोपा होता. इंग्रजी फॉन्टमध्ये अक्षरांची दोनशेच्या आसपास घरे असतात. त्या घरांतली ए, बी, सी ही मंडळी काढून तिथे मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. एका घरात अर्धा ग, एकात काना, एकात रफार. अर्धा ग अधिक काना झाला ग. कागदावर उत्तम मराठी उमटते. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती इंग्रजी अक्षरांची, कंसांची आणि डॉलरच्या चिन्हांची निरर्थक रांग असते.

बँकेत उमेदवारी केलेल्याला हे चटकन समजेल. बँकेत पासबुक वेगळे आणि लेजर वेगळे. पासबुकातली शिल्लक ही ग्राहकाला दाखवायची. खरी शिल्लक लेजरात असते. दोन्हींत फरक पडला तर लेजर प्रमाण मानून चालावे लागते. फॉन्टच्या काळात आपली सगळी मराठी ही पासबुकातली शिल्लक होती. लेजरात मराठीच्या नावावर एक पैसा जमा नव्हता. (जाता जाता: बँकांमधल्या संगणकांविषयी संघटनांशी पहिला करार १९८३ चा, आणि रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर शाखांत ‘एएलपीएम’ ही लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तेव्हा आमच्याकडे घोषणा झाल्या, काळ्या फिती लागल्या. मराठी लेखनाच्या बाबतीत एवढा मोठा घोटाळा झाला, पण फीत सोडाच, कुणी चकार शब्द काढला नाही.)

त्यात प्रत्येक कंपनीची घरांची मांडणी निराळी. एकीच्या फॉन्टमधला ग दुसरीच्या फॉन्टमध्ये ठ व्हायचा. मजकूर दुसऱ्याला पाठवायचा, तर त्याच्याकडे तोच फॉन्ट हवा. वर्तमानपत्रे इंटरनेटवर आली तेव्हा वाचकाला आधी त्या त्या पत्राचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. मजकुरात एखादा शब्द शोधणे, नावे अकारविल्हे लावणे, या गोष्टींचे नावच काढायला नको.

यावरचा तोडगा दूर कुठे नव्हता. तो त्याच वर्षी जन्मला होता. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच तक्त्यात जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ च्या ऑक्टोबरात निघाली, आणि तिच्यात देवनागरीची मांडणी घेतली होती ती १९८८ च्या इस्कीवरूनच. म्हणजे आपणच मांडलेला हिशेब जगाने मान्य केला आणि आपण मात्र तो बाजूला ठेवून वीसेक वर्षे चिठ्ठ्याचपाट्यांवर कारभार केला. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी रेखलेला. कवी, सुलेखनकार आणि आयआयटीत शिकवणारा हा माणूस २००८ साली गेला. मंगलमधली मराठी पाहिली नाही असा संगणकवाला आज सापडणे कठीण. पण ती कुणाच्या हातची, हे सांगणारा सापडणे त्याहून कठीण आहे.

छापखाने तरीही बदलले नाहीत. त्यांचे सगळे काम पेजमेकरवर. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड कळत नव्हते, आणि आपल्याकडे ती पुढे कित्येक वर्षे मानाने नांदली. परिणामी नव्वदच्या दशकापासून पुढच्या पंधरा-वीस वर्षांतले दिवाळी अंक, प्रबंध, कादंबऱ्या, गावोगावच्या संस्थांच्या स्मरणिका, असे कितीतरी मराठी त्या मुखवट्यांखाली अडकून पडले आहे. १९२० सालचे पुस्तक ग्रंथालयात जाऊन वाचता येते. १९९६ सालची फाइल समोर उघडली तरी वाचता येत नाही.

माझ्या दोन कादंबऱ्या त्यात आहेत. ज्या केंद्रात त्यांची अक्षरजुळणी झाली ते केव्हाच बंद पडले. मालकांनी जाताना फ्लॉप्यांचा एक डबा माझ्या हवाली केला. प्रत्येकीवर पेन्सिलीने प्रकरणाचा आकडा, फॉन्टचे नाव मात्र एकीवरही नाही. नव्या आवृत्तीचा विषय निघाला तेव्हा प्रकाशक म्हणाले, ‘साहेब, परत टाइप करून घेऊ.’ साडेतीनशे पाने परत टाइप करायची म्हणजे साडेतीनशे पानांच्या नव्या चुका. मी फॉन्ट हुडकून काढला आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडात नेणारी सोय वापरली. अशा सोयी आता फुकट मिळतात. नव्वद-पंचाण्णव टक्के मजकूर झटक्यात रुळावर आला. उरलेल्यात खरी मौज होती.

मराठीत एक ‘ऱ्य’ आहे, हिंदीला त्याची गरज पडत नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फरक एवढ्या एका चिन्हाचा. पण एक मंडळी वेदान्त सांगतात आणि दुसरी जिलबी तळतात. माझ्या कादंबरीत लग्नाचे एक प्रकरण आहे. त्यातले झाडून सगळे आचारी यंत्राने आचार्य करून टाकले. आचार्यांनी मसालेभाताला फोडणी दिली, आचार्यांना बिडी ओढताना वधूपित्याने पकडले, असे बरेच. दुसरे कटकटीचे म्हणजे हा ‘ऱ्य’ युनिकोडात दोन वाटांनी साठवता येतो. खाली टिंब असलेल्या र पासून, किंवा साध्या र च्या पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे. पण एका पद्धतीने शोधले तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला शब्द हाती लागेलच असे नाही. लेजर एकच, पण खाते दोन नावांनी उघडलेले, तशातला प्रकार. ‘ॲ’चीही अशीच हकीकत: त्याला तक्त्यात स्वतःचे घर मिळाले ते २००८ साली. तोवर ‘ॲड्रेस’ आणि ‘ॲसिड’ इकडून तिकडून उसनवारीवर लिहावे लागत.

मोबाइलवर तर पहिली काही वर्षे मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत. तेव्हाची तरुण मुले ऑपेरा मिनी नावाच्या ब्राउझरमध्ये एक गुप्त कळ फिरवत. मग मजकूर अक्षरांऐवजी चित्रे होऊन येई आणि वाचता येई. आता ते दिवस सरले. पण एसएमएसमध्ये अजून एक भेद आहे. एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, तर मराठीची ७०. तीही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजून. ‘नमस्कार’ म्हटले की सात गेली. घाऊक संदेश पाठवणाऱ्या संस्थांना मराठी दुप्पट महाग का पडते, ते यावरून कळावे. कर्जाचा हप्ता थकला, हे शेतकऱ्याला इंग्रजीत कळवण्यामागे कधीकधी एवढेच व्यापारी कारण असते.

याहून गंभीर बाब नावांची आहे. आधारचे पहिले कार्ड दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. नाव रोमन लिपीत नोंदवायचे, त्यावरून यंत्र मराठी नाव तयार करणार आणि समोरच्या माणसाने ते तपासायचे, अशी पद्धत. रोमन लिपीत ‘काळे’ आणि ‘काले’ एकच. ‘मोडक’ आणि ‘मोदक’ही एकच. तपासणाऱ्याला घाई असली की मोडकांचे मोदक होतात. हसण्यासारखे आहे खरे. पण पेन्शनच्या कागदावर एक, पासबुकावर दुसरे आणि कार्डावर तिसरे नाव घेऊन एखादी विधवा बाई काउंटरवर उभी राहते, तेव्हा कुणी हसत नाही. काउंटरच्या आत मी सदतीस वर्षे बसलो आहे. अशा वेळी आतल्या माणसाच्या हातात फारसे काही नसते आणि बाहेरच्याच्या हातात तर काहीच नसते.

आता नवी चीज आली आहे ती बोलून लिहिण्याची. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीला ही सोय दिली, आणि हल्ली बहुतेक फोनवर ती या ना त्या रूपात असते. मी तीन वेगवेगळे फोन वापरून पाहिले. बातमीच्या भाषेत बोला, यंत्र झकास लिहून घेते. ऱ्हस्व-दीर्घ तर कित्येक संपादकांपेक्षा बरे. पण माझी पात्रे बातमीच्या भाषेत बोलत नाहीत. मी मालवणी म्हातारीच्या तोंडचे ‘खंय चललंस’ बोललो, तर यंत्राने ‘काय चाललंय’ लिहिले. तीनदा सांगितले, तिन्हीदा तेच. म्हातारी कुठे निघालास असे विचारते आहे, खुशाली विचारत नाही. यंत्राने जन्मात जेवढी मराठी ऐकली, तेवढीच मराठी आहे असे ते धरून चालते. वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्यांनी आपापल्या फोनवर हा प्रयोग करून पाहावा. म्हणून संवाद मी अजून इनस्क्रिप्टवर बोटांनी लिहितो. विंडोजच्या भाषांच्या यादीत मराठी निवडली की तो कळफलक आपोआप येतो, पैसे पडत नाहीत. कळांवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर मिळतात. महिन्याभरात त्यांचीही गरज उरत नाही.

ज्यांच्या कपाटात जुन्या फ्लॉप्या आहेत, त्यांनी फार थांबू नये. सोनीने २०११ मध्ये फ्लॉप्या विकणे थांबवले. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह अजून मिळतो, तोवर काम उरकावे. कोकणात असाल तर पावसाळ्याआधीच, कारण बुरशी चुंबकीय लेपावर बसली की ड्राइव्हचे डोकेही खराब होते. आधी जशीच्या तशी प्रत काढून ठेवावी आणि बदल करायचे ते दुसऱ्या प्रतीवर. फॉन्टची फाइल हाती लागली तर तीही त्याच फोल्डरात ठेवावी. फॉन्टचे नाव हरवले की किल्ली हरवली. आणि छापील प्रत असेल तर ती रद्दीत देऊ नये, शंका आली की शेवटी तिच्याकडेच जावे लागते.

माझ्या दुसऱ्या कादंबरीचे काम सध्या एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आहे. आचारी पुन्हा आचारी झाले. पुढच्या प्रकरणात सह्याद्रीतल्या दऱ्या आहेत, आणि यंत्राने त्या सगळ्या दर्यात बुडवल्या आहेत.